चोवीसचा की अठ्ठावीसचा? बुलेटचा कार्बोरेटर बदलण्याआधी

जुनी कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट घरी आली की महिन्याभरात दोन गोष्टी हमखास होतात. एक, गाडीखाली ऑइलचा डाग पडतो. दोन, चहाच्या टपरीवर कुणीतरी सांगतं, "अठ्ठावीसचा कार्बोरेटर टाक, मग बघ फायरिंग!" डागाखाली पुठ्ठा सरकवता येतो. दुसऱ्या गोष्टीसाठी हा लेख.

मी तो सल्ला ऐकला होता. ३५० स्टँडर्डवरचा मूळचा २४ मिमी भोकाचा कार्बोरेटर (हवा-पेट्रोलचं मिश्रण करणारा भाग) काढून ५०० चा २८ मिमीचा बसवला. स्टँडवर उभी करून रेस दिली की गल्ली दणाणायची. पंधरा दिवसांनी भोरमार्गे वरंधा घाट उतरून महाडला गेलो, आणि परत येताना तोच घाट चढायला लागल्यावर खरा प्रकार कळला. दुसऱ्या गिअरमध्ये वळण घेऊन मूठ पिळली की इंजिन 'भ्वाऽ' करून आवंढा गिळायचं, क्षणभर काहीच नाही, आणि मग एकदम हिसका. मागे बसलेला धाकटा भाऊ शेवटी म्हणाला, "दादा, मी चालत येतो वर." ॲव्हरेज ३५ वरून २६ वर आलं होतं.

कोल्हापुरात एका ओळखीच्या फिटरकाकांना गाडी दाखवली. त्यांनी कार्बोरेटरला हातही लावला नाही. किक मारली, दोन मिनिटं नुसते ऐकत उभे राहिले आणि म्हणाले, "गाडी सांगाय लागलीया की, तुम्हीच ऐकंना झालाय." मग व्हॉल्व्हचे टॅपेट, ठिणगीचे पॉइंट आणि इनटेकचं पॅकिंग तपासलं. सगळ्यात शेवटी जुना २४ चा परत चढवला. त्या दुपारपासून जे शिकत गेलो, ते क्रमाने लिहितो. उदाहरण बुलेटचं आहे, कारण मला तीच नीट माहीत आहे. पण स्लाइडचा, म्हणजे मूठ पिळली की वर सरकणाऱ्या झडपेचा, कार्बोरेटर असलेल्या कुठल्याही जुन्या गाडीला यातलं बरंच लागू पडेल.

आधी आवाजाचा हिशोब

कास्ट आयर्न ३५० चं इंजिन ३४६ सीसीचं. बोअर ७० मिमी, स्ट्रोक ९० मिमी, सिलिंडर एकच. फोर स्ट्रोक असल्याने क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच पेट्रोल पेटतं. आयडलिंग ६०० आरपीएमवर असेल तर मिनिटाला ३०० ठोके, म्हणजे सेकंदाला ५. एवढे ठोके कान सुटेसुटे ऐकू शकतो. १००० वर नेलंत की सेकंदाला आठाच्या वर जातात आणि 'डुग… डुग… डुग'ची सलग 'डुगडुगडुग' होते. लोक ज्याला फायरिंग म्हणतात तो बहुतांशी ठोक्यांमधल्या या रिकाम्या जागेचा आवाज आहे. ती जागा मिळते जड फ्लायव्हीलमुळे, पॉइंटच्या टायमिंगमुळे आणि हळू आयडलिंगमुळे. ठोक्याचा पोत, म्हणजे तो घुमणारा की फुटणारा, हे सायलेन्सर ठरवतो.

मग यात कार्बोरेटरचं काम काय? इतक्या कमी वेगात प्रत्येक ठोक्याला सारखंच मिश्रण पुरवणं. ते जमलं नाही की एखादा ठोका चुकतो, पुढचा जोरात बसतो आणि गाडी लंगडत बोलते. आयडलिंगला पेट्रोल येतं पायलट जेटच्या केसाएवढ्या भोकातून (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा पितळी तुकडा). म्हणजे ज्या आवाजासाठी आपण मोठा कार्बोरेटर घ्यायला निघालो, तो आवाज कार्बोरेटरच्या सगळ्यात बारीक भागावर अवलंबून असतो.

कार्बोरेटरचा स्वतःचा म्हणावा असा एक आवाज मात्र आहे, आणि तो पुढून येतो. पिस्टन खाली जाताना हवा ओढतो, त्या ओढीची धडक उलट्या दिशेने कार्बोरेटरमधून फिल्टरच्या तोंडापर्यंत येते. मूठ पूर्ण पिळली, स्लाइड वर गेली, की वाट मोकळी होते आणि टाकीखालून एक खोल 'हॉऽ' ऐकू येतो. फिल्टरचा डबा काढून कोन फिल्टर लावला की हाच आवाज दुप्पट वाटतो. नव्या माणसाला वाटतं पॉवर वाढली. वाढलेली असते ती हवा. पेट्रोल आधीइतकंच असतं, म्हणजे मिश्रण लीन झालं. फिल्टरऐवजी उघडं, भोंग्यासारखं बेलमाउथ लावून फिरणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं. आपल्याकडच्या रस्त्यांवरची धूळ सिलिंडरला सँडपेपरसारखी लागते.

भोक मोठं केल्याने नेमकं काय होतं

कार्बोरेटर पेट्रोल ढकलत नाही. आकुंचन पावलेल्या नळीतून हवा वेगाने गेली की तिथला दाब उतरतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल जेटमधून वर ओढलं जातं. सगळी मदार हवेच्या वेगावर. ही एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवली तरी टपरीवरचे निम्मे सल्ले गळून पडतात.

आकडे घेऊन पाहू. १५०० आरपीएमला ३४६ सीसीचं इंजिन मिनिटाला ७५० वेळा श्वास घेतं. सिलिंडर पूर्ण भरतो असं धरलं तर मिनिटाला सुमारे २६० लिटर हवा. २४ मिमीच्या भोकाचं क्षेत्रफळ साडेचार चौरस सेंटिमीटर, २८ मिमीचं सहाच्या थोडं वर. त्यामुळे सरासरी वेग २४ मध्ये सेकंदाला साडेनऊ मीटरच्या आसपास, तर २८ मध्ये ७ मीटर. हवा प्रत्यक्षात हिसक्या-हिसक्याने जाते, म्हणून खरे वेग याहून बरेच जास्त असतात. पण दोघांमधलं प्रमाण हेच राहतं. आता गंमत अशी की ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. वेग पाऊण पटीच्या आत आला की ओढ जवळपास निम्मी. वरंधा घाटात माझं इंजिन आवंढा गिळत होतं ते यामुळेच. मूठ एकदम उघडली, हवा आत आली, पण पेट्रोल उचलायला वेगच नव्हता.

हेच ५५०० आरपीएमला पाहिलं तर चित्र उलटतं. तिथे हवा इतकी लागते की २४ चं भोक थोडं अडवायला लागतं आणि २८ मोकळा श्वास घेऊ देतो. पण ३५० चा १८ बीएचपीचा कळस साधारण ५६०० आरपीएमवर आहे आणि तिथे ही गाडी चालवणारा मला अजून भेटलेला नाही. त्या आरपीएमला आरसे, हँडल आणि चालवणाऱ्याचे दात एकाच सुरात थरथरतात.

५०० बुलेटला कंपनीने २८ का दिला, याचं उत्तरही याच हिशोबात आहे. ४९९ सीसी म्हणजे ३४६ च्या १.४४ पट. २८ मिमीचं भोक २४ च्या १.३६ पट. म्हणजे इंजिन जेवढं वाढलं, जवळपास तेवढंच भोक वाढवलं आणि हवेचा वेग कायम राखला.

पायरी १ : कार्बोरेटर सोडून बाकी सगळं तपासा

कंटाळवाणी वाटणारी ही पायरी सगळ्यात जास्त पैसे वाचवते. फिटर मंडळीत म्हणतात की कार्बोरेटरचे निम्मे बिघाड पॉइंटमध्ये सापडतात.

इंजिन गार असताना पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणा आणि टॅपेटच्या झाकणातून पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या सळ्या, बोटांनी फिरवून पाहा. त्या सहज फिरायला हव्यात, पण वर-खाली हलता कामा नयेत. घट्ट असतील तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि आयडलिंग कधीच स्थिर होणार नाही, मग कार्बोरेटर जपानहून मागवा नाहीतर सोन्याचा घडवा. पॉइंट काळे पडले असतील तर साफ करून गॅप लावा. टायमिंग मागे असेल तर ठोका मऊ आणि हळू येतो. काही जण मुद्दाम तसं करतात, पण इंजिन तापतं आणि चढाला दम सोडतं.

मग कार्बोरेटर आणि हेडमधला जोड. गाडी नुकतीच चालू केलेली, हेड अजून गार असताना त्या जोडावर साबणाच्या पाण्याचे चार थेंब सोडा. आयडलिंग बदललं किंवा थेंब आत ओढले गेले तर तिथून हवा घुसतेय. पॅकिंग बदला. दोन्ही बाजूंचे नट आलटून पालटून, बेताने आवळा. एकच बाजू दाबली की कार्बोरेटरची फ्लँज वाकते आणि गळती कायमची होते. माझ्या गाडीत हेच झालं होतं, आणि ते मीच केलं होतं.

सायलेन्सरचा बेंड पाइप हेडला जिथे बसतो तिथे काजळी दिसते का पाहा. मूठ सोडल्यावर फटाके फुटण्याचं कारण पुष्कळदा तिथे असतं. बाहेरची हवा आत शिरते आणि न जळलेलं पेट्रोल पाइपातच पेटतं.

पायरी २ : कान तयार करा

आठवडाभर स्क्रूड्रायव्हर लांब ठेवा आणि फक्त ऐका. सकाळी गार असताना, मग दहा किलोमीटर चालवल्यावर, मग चढावर.

मिश्रण रिच असेल, म्हणजे पेट्रोल जास्त, तर आवाज भसाडा आणि ओला येतो. सिग्नलला उभं राहिल्यावर आयडलिंग हळूहळू पडत जातं, एखादी रेस दिली की सायलेन्सरमधून काळा धूर निघतो आणि गाडी मोकळी होते. चोक लावून उशिरापर्यंत चालवली की जसा आवाज येतो, तसाच. तो आवाज मुद्दाम एकदा ऐकून ठेवा, पुढे ओळखीला उपयोगी पडतो.

लीन मिश्रणाचा आवाज कोरडा, टणक. मूठ सोडल्यावर फटफट. रेस देऊन सोडली की आरपीएम लगेच खाली येत नाहीत, वर लटकून राहतात आणि मग उतरतात. हळू उघडलं तर बरं चालतं, झटक्यात उघडलं की खोकतं. उन्हाळ्यात चढावर आतून बारीक खडखड ऐकू आली तर तिथेच थांबा. ते नॉकिंग, म्हणजे मिश्रण आपोआप अवेळी पेटणं. लीन मिश्रण आणि तापलेलं हेड एकत्र आले की होतं. अनेकांना लीन गाडीचे फटाके भारी वाटतात. मला विचाराल तर तो आवाज म्हणजे गाडीचा ताप आहे, आणि तापातल्या माणसाचे गाल लाल दिसतात म्हणून कुणी त्याला तब्येत सुधारली म्हणत नाही.

टू स्ट्रोकवाल्यांसाठी जाता जाता. यामाहा आरएक्स १०० सारख्या गाडीत रिच मिश्रण झालं की एक आड एक ठोका पेटतो आणि 'रिंग डिंग'ची धार जाऊन घरघर येते. लीन झालं तर आवाज आणखी धारदार लागतो, छान वाटतो, आणि पिस्टन जाम होतो. तिथे गोड आवाजावर विश्वास ठेवू नये.

पायरी ३ : उघडा, धुवा, नंबर लिहून घ्या

पेट्रोल कॉक बंद करा, वाटीखालचा स्क्रू सोडून पेट्रोल बाटलीत काढा. मोकळ्या हवेत बसा. देवघरातला दिवा, गॅस आणि विडी यांच्यापासून लांब.

जेटवर कोरलेले नंबर वहीत लिहा. नंबर मोठा तर भोक मोठं. आधीच्या मालकाने काय घालून ठेवलंय याची खात्री नसते. मी एका गाडीत कुठल्यातरी दुसऱ्याच गाडीचं मेन जेट पाहिलंय, डोक्याला हातोडीचे घाव घातलेलं. जेट साफ करायला कार्ब क्लीनरचा फवारा आणि हवेचा प्रेशर पुरेसा. तारेचा एक धागा घालून फिरवायची पद्धत सगळीकडे आहे, पण जेट मऊ पितळेचं असतं. दहा वेळा तार फिरली की नंबर तोच राहतो आणि भोक वाढतं.

फ्लोट कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटलाय, वाटीत पेट्रोलची पातळी चढी राहणार आणि गाडी सगळीकडे रिच चालणार. फ्लोटने पेट्रोल अडवणाऱ्या सुईच्या टोकाला गोल चर पडली असेल तर ती बदला. स्लाइड बोटाने हलवून पाहा. बॉडीत ढिली खडखडत असेल तर कडेने हवा जाते आणि स्थिर आयडलिंग विसरा. नवा कार्बोरेटर घ्यायचं हे एकमेव सबळ कारण. आणि तेव्हाही आधी त्याच मापाचा घ्या.

परत बसवताना स्लाइडचा तिरका कापलेला भाग फिल्टरच्या दिशेला. मूठ पूर्ण पिळून सोडा, आत 'टक' आवाज यायला हवा. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पुन्हा तेच. चालू गाडीत हँडल वळवल्यावर रेस वाढत असेल तर केबल ओढली जातेय. ते नीट केल्याशिवाय रस्त्यावर नेऊ नका.

पायरी ४ : खालून वर सेट करत जा

मुठीच्या प्रत्येक टप्प्याला वेगळा भाग राज्य करतो. अगदी सुरुवातीला, मूठ आठव्या हिश्शापर्यंत उघडी असताना, पायलट जेट आणि एअर स्क्रू. तिथून पाव मुठीपर्यंत स्लाइडचा तिरका काप. पाव ते पाऊण नीडल, म्हणजे स्लाइडला लटकणारी सुई. पाऊणच्या पुढे मेन जेट. हे टप्पे एकमेकांत मिसळतात, पण नव्या माणसाने एवढं धरून चालावं. मुठीवर पांढऱ्या चिकटपट्टीने पाव, अर्धी, पाऊण अशा खुणा करा. आरपीएम काटा नसलेल्या गाडीत याच खुणा तुमचं मीटर.

गाडी दहा किलोमीटर चालवून गरम करा. व्हीएम २४ वर, म्हणजे बुलेटच्या मूळच्या २४ मिमीच्या कार्बोरेटरवर, फिल्टरच्या बाजूला जो स्क्रू आहे तो हवेचा. आत केला की रिच, बाहेर काढला की लीन. हळूच पूर्ण आत बसवा, जोर लावू नका, आणि दीड फेरा बाहेर काढा. आता पाव पाव फेरा हलवत जिथे आयडलिंग सगळ्यात वर जाईल ती जागा शोधा. मग दुसऱ्या, म्हणजे स्लाइडच्या स्क्रूने आयडलिंग खाली आणा. पुन्हा हवेचा स्क्रू, पुन्हा खाली. दोन-तीन फेऱ्यांत ठोका गोल होतो. तो क्षण ऐकू येतो, सांगावा लागत नाही. ही जागा एका फेऱ्याच्या आतच सापडली तर पायलट जेट लहान पडतंय. अडीचच्या पुढे गेलात तर मोठं आहे.

काही कार्बोरेटरांत हा स्क्रू इंजिनाच्या बाजूला असतो. तो पेट्रोलचा, आणि त्याची दिशा उलटी : बाहेर काढला की रिच. हे न कळल्यामुळे मी एकदा रविवारची अख्खी सकाळ घालवली आहे.

आयडलिंग किती खाली न्यायचं? सेकंदाला पाच ठोके ऐकायला मोह होतो. पण कास्ट आयर्न बुलेटचा ऑइल पंप क्रँकवरून आधीच हळू फिरतो, आणि कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला बेअरिंग म्हणून बुश असतो, ज्याचं आयुष्य ऑइलवर आहे. अँपिअरमीटरचा काटा आयडलिंगला उणेच्या बाजूला झुकत असेल तर बॅटरीही रिकामी होतेय. मित्रांना ऐकवायला दोन मिनिटं खाली न्या, फोटो काढा, परत वर घ्या. मी माझी ९०० ते १००० च्या दरम्यान ठेवतो.

नीडलच्या डोक्याला खाचा आणि त्यांत एक क्लिप असते. क्लिप वरच्या खाचेत घातली की नीडल खाली बसते, लीन. खालच्या खाचेत घातली की नीडल वर उचलली जाते, रिच. अर्ध्या मुठीला गाडी कोरडी वाटली तर क्लिप एक खाच खाली. एकावेळी एकच बदल, आणि तो वहीत. ॲव्हरेज सगळ्यात जास्त इथेच हलतं, कारण आपण बहुतेक वेळ याच टप्प्यात असतो.

मेन जेटसाठी मोकळा सरळ रस्ता हवा. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण मूठ दिल्यावर गाडी जड, भसाडी ओढत असेल तर जेट मोठं. उलट, मूठ किंचित कमी करताच किंवा चोक अर्धा लावल्यावर जास्त ओढली तर लहान. मग क्लच दाबून इंजिन बंद करा, बाजूला घ्या, प्लग काढा. फिकट कॉफीचा रंग चांगला, चुन्यासारखा पांढरा लीन, मऊ काजळी रिच. आजच्या पेट्रोलवर रंग चढायला वेळ लागतो, एका फेरीत निकाल देऊ नका. कोन फिल्टर किंवा मोकळा सायलेन्सर लावला असेल तर मेन जेट सहसा एक-दोन नंबर वर जातं.

पायरी ५ : आता निवड

एवढं केल्यावर दहातल्या सात जणांना नवा कार्बोरेटर लागत नाही, असा माझा अंदाज. उरलेल्यांसाठी.

३५० कास्ट आयर्न, इंजिन मूळ अवस्थेत, गावात आणि घाटात फिरणं : व्हीएम २४. दुसरा विचार नको. पंधराशे आरपीएमवरून उचलणारा तो भारदस्त पिकअप याच लहान भोकाची देणगी आहे.

२८ चा विचार तेव्हा करा, जेव्हा हेडचा पोर्ट, कॅम, सायलेन्सर हे सगळं बदललेलं आहे आणि गाडी हायवेवर वरच्या आरपीएमला पळवायची आहे. नुसता कार्बोरेटर मोठा आणि हेडकडे जाणारी मधली नळी, म्हणजे मॅनिफोल्ड, २४ चीच असेल तर आत पायरी तयार होते, हवा तिथे आपटते. बोटाने चाचपून पाहा. ५०० साठी काढलेले जेट ३५० वर तसेच चालणार नाहीत, तेव्हा जेटच्या दोन-चार जोड्यांचा खर्च धरा. आवाजात फरक पडेल तो पूर्ण मुठीला पुढच्या 'हॉऽ'मध्ये. आयडलिंगचा ठोका मात्र सुधारणार नाही. बिघडण्याची शक्यता जास्त.

मग येतो सीव्ही, म्हणजे कॉन्स्टंट व्हेलॉसिटी कार्बोरेटर. २००९ च्या आसपास आलेल्या युनिट इंजिनाच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात) ३५० ला २९ मिमीचा बीएस २९ असे, आणि भोक इतकं मोठं असूनही ती गाडी खालून आवंढा गिळत नाही. कारण मूठ फक्त एक पातळ पाकळी फिरवते. स्लाइड वर उचलते ती इंजिनाची ओढ, रबरी डायफ्रामच्या मदतीने. तुम्ही कितीही घाई केलीत तरी भोक इंजिनाला झेपेल तेवढंच उघडतं. म्हणूनच तिचा पुढचा आवाज एकदम न फुटता चढत जातो. जुन्या लोकांना ती 'मुकी' वाटते, पण त्यात कार्बोरेटरपेक्षा इलेक्ट्रॉनिक इग्निशन, जास्त कॉम्प्रेशन आणि सायलेन्सरचा हात मोठा. ही गाडी पन्नास-साठच्या वर जायला नकार देऊ लागली तर आधी डायफ्राम उजेडाकडे धरून पाहा, सुईच्या टोकाएवढं छिद्रही पुरतं. आणि त्या रबरावर कार्ब क्लीनर मारू नका, फुगतं.

चपट्या स्लाइडचे पीडब्ल्यूके वगैरे कार्बोरेटर ऑनलाइन स्वस्तात मिळतात. त्यांचा प्रतिसाद तिखट असतो, हे खरं. पण नकली इतके आहेत की जेटवरच्या नंबरवरही भरवसा ठेवता येत नाही. खऱ्याची किंमत मोजायची तयारी नसेल तर या वाटेला जाऊ नका.

उंची, ऊस आणि पोलीस

सेटिंग एकदा लागलं म्हणजे कायमचं लागलं असं होत नाही. उंचीवर हवा विरळ. महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर, तिथे हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १२ टक्के कमी. कार्बोरेटरला हे कळत नाही, तो थोडं जास्तच पेट्रोल देत राहतो. मिश्रण ६-७ टक्के रिच होतं. गाडी किंचित भसाडी बोलेल, पण चालेल. रत्नागिरीत सेट केलेली गाडी पुण्यात तर काही जाणवूही देणार नाही. लडाखला निघालात तर मात्र एक-दोन लहान मेन जेट बरोबर घ्या. खारदुंग ला सुमारे ५३५० मीटरवर आहे आणि तिथे घनता साठ टक्क्यांच्याही खाली जाते.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये काही पंपांवर सुरू झालं आणि दोन वर्षांत जवळपास सगळीकडे पोचलं. इथेनॉल आपल्या कोल्हापूर-सांगलीच्या उसातूनही येतं, त्याचा अभिमान ठेवूनही जेट बदलावं लागतं. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, या मिश्रणाला सुमारे १३.५ पट. म्हणजे वीस वर्षांपूर्वीचं अचूक सेटिंग आज लीन झालं. इंजेक्शनवाली गाडी सेन्सरने सावरून घेते, आपल्याला हाताने सावरावं लागतं : क्लिप एक खाच खाली, बहुधा मेन जेट एक नंबर वर. जुनी रबरं, ओ-रिंग या पेट्रोलने लवकर फुगतात किंवा कडक होतात. इथेनॉल पाणीही ओढतं, तेव्हा पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर वाटी रिकामी करून ठेवा.

सायलेन्सरचं थोडक्यात. बफल, म्हणजे आतला आवाज अडवणारा भाग, काढलेल्या, मोकळ्या सायलेन्सरला वाहन कायद्यात दंड आहे, आणि जप्त केलेल्या सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवताना पोलिसांचे फोटो तुम्ही पाहिले असतीलच. शिवाय मोकळा सायलेन्सर लीन-रिचचे सगळे बारीक आवाज गिळून टाकतो. सेटिंग करेपर्यंत तरी मूळचाच लावा, नाहीतर ऐकणार काय?

काढलेली जेट फेकू नका. माझ्याकडे तंबाखूच्या रिकाम्या डबीत प्रत्येक जेट कागदाच्या पुडीत आहे, वर नंबर, तारीख आणि त्या दिवशी गाडी कशी बोलत होती ते दोन शब्दांत. २८ च्या जेटची पुडी सगळ्यात खाली आहे. तिच्यावर फक्त 'वरंधा' एवढंच लिहिलंय.